घटत्या स्थलांतरित माशांसाठी पकड-मर्यादा कशी ठरवावी: नियम आधी, आकडा नंतर

साठा घटतोय हे बंदरावरच्या प्रत्येकाला दिसत असतं. तरी मर्यादा ठरवायला माणसं बसली की पहिला प्रश्न येतो तो "यंदा किती टन?" हाच. मागच्या वर्षीचा आकडा समोर येतो, कोणी दहा टक्के कमी करा म्हणतं, कोणी पाच, आणि मधलाच काहीतरी आकडा कागदावर उतरतो. त्या आकड्याचा पाण्यातल्या माशांशी काडीचा संबंध नसतो.

माझं म्हणणं असं की क्रम उलटा हवा. साठा इतका असेल तर किती पकडायचं आणि अमुक रेषेखाली गेला तर काय करायचं, हे आधी लिहून घ्या आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. टनांचा आकडा त्या नियमातून शेवटी निघू द्या. वाईट बातमी हातात पडल्यावर नियम करायला बसलं, की प्रत्येक जण आपल्या होडीकडे बघून नियम करतो.

आधी माशाची वाट काढा

स्थलांतरित मासा एका जागी अंडी घालतो, दुसरीकडे त्याची पिल्लं वाढतात आणि तिसरीकडे तो चरायला जातो. वाटेत तो चार-पाच वेगवेगळ्या लोकांच्या जाळ्यांसमोरून जातो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे बारा महिन्यांचा तक्ता. कोणत्या महिन्यात मासा कुठे असतो, कोणत्या लांबीचा असतो, पोटात गाबोळी असते का, तिथे कोणतं जाळं चालतं आणि ते कोण चालवतं, हे सगळं त्यात भरा. अर्धा तक्ता जुन्या मच्छीमारांशी बोलूनच भरतो. उरलेल्यासाठी खुणचिठ्ठ्या लावलेले मासे, जनुकीय नमुने आणि माशाच्या कानात तयार होणाऱ्या कडक खड्याचं रसायन उपयोगी पडतं.

साठा एक आहे की दोन, हे याच टप्प्यावर तपासा. अटलांटिक ब्लूफिन ट्यूनाचे दोन मोठे गट आहेत. एक मेक्सिकोच्या आखातात अंडी घालतो, दुसरा भूमध्य समुद्रात. व्यवस्थापनासाठी ४५ अंश पश्चिम रेखांशावर रेघ मारलेली आहे, पण मासे ती रेघ ओलांडून एकमेकांत मिसळतात. असं मिसळणं असेल तर मोठ्या गटाच्या हिशोबानं ठरवलेली मर्यादा लहान गटाला संपवू शकते. म्हणून मिसळण्याच्या जागी मर्यादा दुबळ्या गटाच्या ताकदीवरून ठरवावी.

मेलेला प्रत्येक मासा मोजा

बंदरावर उतरलेली मासळी म्हणजे एकूण मेलेली मासळी नव्हे. लहान म्हणून समुद्रातच फेकलेले मासे, जाळं फार भरल्यानं सोडून दिलेला अर्धमेला थवा, आमिषासाठी वापरलेली मासळी, घरी खायला नेलेली, हौशी गळवाल्यांनी पकडलेली, दुसऱ्याच माशाच्या जाळ्यात चुकून आलेली आणि नोंदच न झालेली, या प्रत्येकाला एक ओळ द्या. आकडा नसेल तर रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना हिशोबात शून्य धरला जातो, आणि शून्य हा बहुतेक वेळा सगळ्यात चुकीचा अंदाज असतो. कमीतकमी आणि जास्तीत जास्त अशा दोन बाजू लिहा.

पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या ब्लूफिनसाठी २००७ ची मर्यादा २९,५०० टन होती. शास्त्रज्ञांनी १५,००० टनांचा सल्ला दिलेला होता. प्रत्यक्षात त्या वर्षी सुमारे ६१,००० टन मासा मारला गेला असावा, असा त्यांचाच नंतरचा अंदाज आहे. म्हणजे सल्ल्याच्या चौपट. नोंदीबाहेरच्या पकडीकडे डोळेझाक केली तर पुढचं सगळं गणित हवेत जातं.

साठा किती उरलाय: इथे घाई नको

बहुतेक चुका याच पायरीवर होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

सगळ्यात सहज मिळणारा आकडा म्हणजे एका फेरीमागची किंवा जाळं टाकल्याच्या एका तासामागची पकड. तो स्थिर दिसला की सगळ्यांना हायसं वाटतं. पण थव्यानं फिरणारा मासा कमी झाला तरी थवे करायचं सोडत नाही. उरलेले मासे एकत्र येतात, होड्या थेट त्या थव्यावर जातात आणि फेरीमागची पकड शेवटपर्यंत चांगली राहते. साठा अर्धा झाला तरी जाळं भरलेलंच वर येतं.

भर म्हणजे होड्याही सुधारत असतात. इंजिन, सोनार, माशांचा माग काढणारी यंत्रं, तांडेलांनी एकमेकांना फोनवर दिलेल्या खबरा. यामुळे होडीची मासा पकडायची ताकद वर्षाला तीन टक्के वाढते असं समजा. वीस वर्षांत ती १.८ पट होते. या वीस वर्षांत फेरीमागची पकड जराही बदलली नसेल, तर खरा साठा ५५ टक्क्यांवर आलेला आहे. कागदावरची रेघ आडवी, समुद्रातला मासा जवळपास निम्मा. म्हणून जुन्या नोंदी वापरताना होडीची ताकद दर पाच वर्षांनी काय होती, हे विचारून दुरुस्ती करा.

न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं हेच झालं. १९८० च्या दशकात मोठ्या ट्रॉलरांची तासामागची पकड चांगली दिसत होती आणि साठ्याचा अंदाज तिच्यावर बराच टेकलेला होता. किनाऱ्याजवळ एका जागी सापळे लावणारे लहान मच्छीमार मात्र मासा कमी येतोय, आकारानं लहान येतोय, असं सांगत होते. त्यांचे सापळे थव्यामागे धावत नव्हते, मासा आला तरच भरत होते. जुलै १९९२ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून बंदी आली आणि सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं. ती बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ उजाडलं. स्थलांतराच्या वाटेवर एका जागी बसणारं जाळं किंवा सापळा असेल तर त्याच्या नोंदी सोन्यासारख्या जपा, मग त्याची पकड एकूण पकडीच्या दोन टक्के का असेना.

मासेमारीवर न विसंबणारी किमान एक मोजणी हवीच. ध्वनिलहरींनी थवे मोजता येतात, पाण्यातली अंडी मोजून मागे किती माद्या असतील हे काढता येतं, नदीत चढणारे मासे यंत्रानं मोजता येतात. खुणचिठ्ठीचं गणित सगळ्यात सोपं. ५,००० मासे खूण करून सोडले, वर्षभरानं ४०,००० तपासले आणि त्यात २० खुणेचे निघाले, तर साठा साधारण १ कोटी माशांचा. फक्त खूण केलेल्यांपैकी किती मेले, किती चिठ्ठ्या गळून पडल्या आणि किती मच्छीमारांनी सापडूनही कळवल्या नाहीत, याची वजावट करायला विसरू नका. ती केली नाही तर साठा फुगलेला दिसतो. दक्षिणी ब्लूफिनसाठी (दक्षिण गोलार्धातला वेगळा ट्यूना) २०१६ पासून चिठ्ठीऐवजी पेशींचा नमुना घेतात. दोन वर्षांच्या माशाचा कणभर तुकडा काढून त्याला सोडतात आणि पुढच्या वर्षी पकडलेल्या तीन वर्षांच्या माशांत तेच जनुकीय ठसे शोधतात. जनुकीय ठसा गळून पडत नाही.

वय मोजायचं तर कानातला खडा काढावा लागतो. माशाची कवटी मागून उघडली की मेंदूखालच्या पोकळीत पांढरे, कडक खडे सापडतात. एक खडा मधोमध मोडायचा, मोडलेली कड ज्योतीवर क्षणभर धरायची आणि भिंगाखाली घालायची. झाडाच्या खोडासारखी वलयं गडद होऊन उठून दिसतात. एकाच खड्यावर दोघांनी स्वतंत्र वय मोजावं, दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्यानं बघावं. शंभर खड्यांत आठ-नऊ वर्षांचे मासे पूर्वी दहा असायचे आणि आता एकही नाही, एवढं कळलं तरी निम्मी गोष्ट उलगडते.

लांबी मोजताना एकच काळजी घ्या: मासळीची प्रतवारी होण्याआधी मोजा. टोपल्या लिलावाकडे गेल्या की मोठे मासे वेगळे काढलेले असतात, आणि तुमच्या पट्टीखाली उरलेसुरले लहानच येतात. होडीतून निघालेल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या टोपलीतला प्रत्येक मासा मोजला तरी चालेल, पण निवडून मोजू नका.

माहिती तुटपुंजी असेल तर

मोठं गणिती प्रारूप चालवायला माहिती नाही म्हणून मर्यादाच लावायची नाही, हे मला मान्य नाही. १९९५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मत्स्यसाठा करारात सरळ म्हटलंय की पुरेशी माहिती नाही या कारणानं उपाय पुढे ढकलू नयेत. माहिती जितकी कमी तितकी सावधगिरी जास्त.

दोन साधे मार्ग आहेत. पहिला लांबीचा. मासा ३० सेंटीमीटरला पहिल्यांदा अंडी घालत असेल आणि मोजलेल्या २०० माशांतले १३० त्याहून लहान असतील, तर बहुतेकांना एकदाही अंडी घालू न देता आपण पकडतोय. अशा वेळी जाळ्याचा आस (भोकाचा आकार) मोठा करणं आणि पिल्लांच्या जागा बंद करणं हे टनांच्या मर्यादेइतकंच महत्त्वाचं. दुसरा मार्ग निर्देशांकाचा. एखादी भरवशाची मोजणी दरवर्षी होत असेल, तर शेवटच्या दोन वर्षांच्या सरासरीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीनं भागा आणि त्या प्रमाणात मागची मर्यादा बदला. पण साठा मुळात खालावलेला असेल तर आधी वेगळी २० टक्के कपात करा. हा मार्ग घसरण मोजतो, साठा मुळात किती खाली आहे ते सांगत नाही.

तीन रेषा

पहिली धोक्याची रेषा. जननक्षम साठा, म्हणजे अंडी घालण्याच्या वयाला आलेले मासे, याखाली गेला तर पुरेशी पिल्लं येतील याचा भरवसा राहत नाही. मासेमारीआधी जितका साठा असता त्याच्या २० टक्के ही पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी रेषा आहे. दुसरी इशाऱ्याची, साधारण ४० टक्क्यांच्या आसपास. इथून पकडीचा दर कमी व्हायला लागतो. तिसरी म्हणजे ज्या पातळीवर साठा न्यायचा आहे ते लक्ष्य. माशाचं आयुष्य मोठं असेल आणि तो उशिरा वयात येत असेल तर तिन्ही रेषा वर सरकवा.

कमाल शाश्वत उत्पादन, म्हणजे साठा न घटवता वर्षानुवर्षं काढता येणारी जास्तीत जास्त मासळी, देणारा पकडीचा दर पुष्कळ जण लक्ष्य समजतात. १९९५ चा करार त्याला ओलांडू नये अशा मर्यादेचं किमान मानक म्हणतो. घटत्या साठ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. कड्याच्या काठाला लक्ष्य मानून चाललं तर एका चुकलेल्या पावलात खाली.

नियम लिहा, मग आकडा काढा

खालचं उदाहरण कल्पित आहे, पण आकडेमोड खरीच अशी होते. सोपं जावं म्हणून जननक्षम साठा आणि पकडता येणारा साठा एकच धरलाय.

मासेमारी नसती तर साठा १,००,००० टन असता. धोक्याची रेषा २०,०००, इशाऱ्याची ४०,०००. नियम असा: साठा ४०,००० च्या वर असेल तर १५ टक्के पकडायचा; २०,००० किंवा खाली असेल तर मुद्दाम या माशासाठी केलेली मासेमारी शून्य; मधे असेल तर दर त्याच प्रमाणात सरळ रेषेत उतरवायचा.

ताजी मोजणी सांगते ३२,००० टन. घाईत कोणी १५ टक्के लावले तर ४,८०० टन निघतात. साठा धोक्याच्या रेषेच्या १२ हजारांनी वर आहे आणि दोन रेषांतलं अंतर २० हजार, म्हणून नियमाप्रमाणे दर होतो १५ गुणिले १२ भागिले २०, म्हणजे ९ टक्के, आणि पकड २,८८० टन. पण इथेही थांबायचं नाही. मोजणी एका वर्षी होते, तिची छाननी दुसऱ्या वर्षी आणि मर्यादा लागू होते तिसऱ्या वर्षी. तोवर घसरण चालूच असते. या दोन वर्षांत साठा आणखी एक-अष्टमांश घटेल असा अंदाज असेल तर खरा आकडा २८,००० धरायचा. दर येतो ६ टक्के, पकड १,६८० टन. मोजणीतल्या अनिश्चिततेसाठी २० टक्के राखून ठेवले की राहतात सुमारे १,३४० टन. त्यातून समुद्रात फेकली जाणारी १५०, हौशी व घरगुती ९० आणि नोंदीबाहेरची २०० टन वजा करा. वाटायला उरतात ९०० टन.

४,८०० आणि ९०० यांतलं अंतर बघून माणसं बैठकीतून उठून जातात. म्हणूनच म्हटलं, नियमावर सह्या आधी घ्या.

यातला २० टक्क्यांचा राखीव भाग वाटाघाटीत पहिल्यांदा कापला जातो. तो कापू देऊ नका. आपले अंदाज चुकतात तेव्हा ते पुष्कळदा साठा जास्त दाखवण्याच्या बाजूनं चुकतात. जुन्या अंदाजांत मागे जाऊन पाहा: पाच वर्षांपूर्वी त्या वर्षाचा साठा किती सांगितला होता, आणि आज मागे वळून त्याच वर्षाचा किती निघतो? दरवर्षी आधीचा आकडा फुगलेलाच निघत असेल, तर राखीव भाग २० वर थांबवू नका.

सर्व आकडेमोड झाली की नियमाची संगणकावर परीक्षा घ्या. पिल्लांची पाच वर्षं वाईट गेली, पाणी तापून माशांनी वाट बदलली, नोंदीबाहेरची पकड दुप्पट झाली, अशा शेकडो शक्यतांत तोच नियम तीस वर्षं चालवून पाहायचा. ज्यात साठा धोक्याच्या रेषेखाली वारंवार जातो तो नियम बाद. दक्षिणी ब्लूफिन मूळच्या सुमारे पाच टक्क्यांवर आला होता. त्याचं व्यवस्थापन करणाऱ्या आयोगानं २०११ मध्ये असा तपासलेला नियम स्वीकारला. २०३५ पर्यंत ७० टक्के शक्यतेनं साठा मूळच्या २० टक्क्यांवर न्यायचा, असं त्यात लिहिलेलं होतं. लक्ष्य, तारीख आणि शक्यता, तिन्ही आकड्यांत. ही घडी मला अनुकरणीय वाटते.

वाटेवरच्या सगळ्यांत वाटणी

इथे शास्त्र संपतं आणि घासाघीस सुरू होते. ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकेरलच्या बाबतीत एकूण किती पकडायचं यावर किनारी देशांचं बऱ्याचदा एकमत होत आलं, कोणाचा वाटा किती यावर मात्र नाही. मासा उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे पसरला तसा नव्यानं मासा मिळालेल्यांनी वाटा मागितला आणि जुने आपला सोडेनात. प्रत्येकानं स्वतःची मर्यादा जाहीर केली आणि सगळ्यांची बेरीज सल्ल्याच्या वर जात राहिली. २०१९ मध्ये त्या मासेमारीचं शाश्वततेचं प्रमाणपत्र निलंबित झालं.

तेव्हा वाटणीच्या करारात तीन कलमं हवीतच. मागची पकड, साठा कोणाच्या पाण्यात किती काळ राहतो आणि त्यावर कोणाचं पोट अवलंबून आहे, यांना किती वजन द्यायचं ते एक. मासा सरकला तर वाटे किती वर्षांनी आणि कोणत्या मोजणीवरून बदलायचे ते दुसरं. करार मोडला किंवा झालाच नाही तर आपोआप लागू होणारी कमी मर्यादा, हे तिसरं. जो अंडी घालण्याची जागा किंवा पिल्लांची खाडी राखतो, त्याच्या पदरात त्याबद्दल काही पडायला हवं, हेही मी धरून चालतो. नाहीतर वाटेच्या एका टोकानं उपाशी राहायचं आणि दुसऱ्यानं जाळं भरायचं, असं होतं. एका वर्षी मर्यादा ओलांडली तर तेवढे टन पुढच्या वर्षाच्या वाट्यातून वळते करा.

टनांच्या जोडीला दिवस आणि जागा

अंडी घालायला निघालेला मासा दाटीनं चालतो, म्हणून त्या दिवसांत उदाहरणातले ९०० टनही फार होतात. बांगलादेशात हिलसासाठी ऑक्टोबरच्या सुमारास, आश्विन पौर्णिमेच्या आगेमागे, २२ दिवसांची बंदी असते. २५ सेंटीमीटरपेक्षा लहान हिलसा पकडण्यावर वेगळी बंदी आहे, आणि बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना सरकारी तांदूळ दिला जातो. हा शेवटचा भाग उपकार म्हणून बघू नका, तो मर्यादेचाच भाग आहे. घरात चूल पेटणार नसेल तर रात्री होडी निघणारच.

नदीत चढणाऱ्या माशांसाठी हंगामात मोजून निर्णय बदलणं शक्य असतं. कॅनडातल्या फ्रेझर नदीत २००९ मध्ये १ कोटीहून जास्त सॉकआय सॅल्मन मासे येतील असा अंदाज होता. आले सुमारे १५ लाख. पुढच्याच वर्षी जवळपास ३ कोटी आले. हंगामाआधीच्या अंदाजावर पूर्ण मर्यादा वाटून टाकली असती तर २००९ मध्ये अंडी घालायला फारच थोडे उरले असते. त्यामुळे आधी नदीत किती मासे सुखरूप चढले पाहिजेत ते ठरवा. सुरुवातीला वाट्यातला थोडाच भाग खुला करा, मोजणी बघत पुढचा सोडा.

राबवणं, तपासणं आणि मर्यादा पुन्हा वाढवणं

मर्यादा राबवायला इतकं लागतं: मासळी उतरवायची ठरलेली बंदरं, उतरवताना वजन, होडीवर जागा दाखवणारं यंत्र, आणि पकडीपासून विक्रीपर्यंत माशासोबत फिरणारा कागद. पूर्व अटलांटिक ब्लूफिनची मर्यादा २०१० साठी १३,५०० टनांवर आणि पुढे १२,९०० वर आणली, आणि तपासणीही कडक केली. साठा सावरला, आणि २०२० पर्यंत मर्यादा ३६,००० टनांवर नेता आली. नुसता आकडा उतरवून हे झालं नसतं.

मर्यादा वाढवायची वेळही नियमातच लिहा. एका चांगल्या वर्षाची पिल्लं दिसली की दबाव येतो, पण पिल्लं म्हणजे जननक्षम साठा नव्हे. वाढीसाठी माझ्या अटी अशा: सलग दोन स्वतंत्र मोजण्यांत साठा वर गेलेला हवा, त्यात किमान दोन वेगवेगळ्या वर्षांची पिल्लं वयात आलेली हवीत, आणि एका वेळची वाढ १५ ते २० टक्क्यांच्या वर नको. कपातीला मात्र अशी कमाल घालू नका. साठा धोक्याच्या रेषेजवळ असेल तर एकाच वर्षात निम्म्यावर यायची मुभा नियमात हवी. पुढच्या मोजणीची तारीख, ती कोण करणार आणि तिचा खर्च कोण उचलणार, हे त्याच कागदावर सहीच्या वर लिहून घ्या.